व्हीसीएच्या पदाधिकाऱ्यांना खुले पत्र: आधी सावली, मग ओळख

प्रति,
मा. अध्यक्ष, पदाधिकारी व कार्यकारिणी सदस्य,
विदर्भ क्रिकेट असोसिएशन,
सिव्हिल लाइन्स, नागपूर.

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तक्रारीचे नाही. सामन्याच्या दिवशी वर्धा रोडवर होणारी कोंडी, तिकिटे आणि खाण्याच्या पदार्थांचे दर यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि ते लिहीत राहतील. मला लिहायचे आहे ते नागपूरजवळ जामठ्याला असलेल्या असोसिएशनच्या स्टेडियमला अजून न मिळालेल्या एका ओळखीच्या खुणेविषयी. ती खूण कशी मिळते, कशी मिळत नाही, आणि ती मिळावी म्हणून आपल्या हातात नेमके काय आहे, याचा विचार मी इमारतींचे नकाशे काढण्याच्या व्यवसायात आयुष्य घालवलेला एक प्रेक्षक म्हणून बरीच वर्षे करत आलो आहे, आणि तो आपल्यासमोर जाहीरपणे मांडावा असे आता वाटते.

जामठ्याला घटनांची वाण नाही. नोव्हेंबर 2008 मध्ये तिथे झालेली पहिलीच कसोटी सौरव गांगुलीची अखेरची आणि लक्ष्मणची शंभरावी होती. जेसन क्रेझाने पदार्पणातच 12 बळी घेतले आणि धोनीने सामन्याच्या शेवटी काही षटकांपुरते नेतृत्व गांगुलीकडे सोपवले. मार्च 2011 मध्ये तेंडुलकरचे नव्व्याण्णवावे आंतरराष्ट्रीय शतक इथेच झाले आणि तो विश्वचषकाचा सामना आपण दक्षिण आफ्रिकेविरुद्ध हरलोही इथेच. कोहलीचे 2017 मधले द्विशतक, त्याच कसोटीतला अश्विनचा तीनशेवा बळी, दीपक चहरचे 2019 मधले 7 धावांत 6 बळी, आणि या सगळ्यांहून आपल्या काळजाला जवळचे म्हणजे 2019 आणि 2025 साली याच मैदानावर विदर्भाने उंचावलेला रणजी करंडक, एवढा ऐवज सतरा-अठरा वर्षांत फार थोड्या मैदानांच्या वाट्याला येतो. तरीही या साऱ्या आठवणी सांगताना आपण खेळाडूंविषयी बोलतो, खेळपट्टीविषयी तर फारच बोलतो, पण वास्तूचा एकही कोपरा त्या आठवणीत येत नाही. चेंडू कशावरून गेला, कशाच्या सावलीत पडला, कोणत्या कठड्याशी लोक उभे राहिले, हे सांगायला आपल्याकडे शब्द नाहीत, कारण त्या जागांना स्वतःचा चेहरा नाही. जामठ्याचे छायाचित्र पाट्या आणि जाहिराती झाकून एखाद्या बाहेरगावच्या क्रिकेटप्रेमीला दाखवले, तर तो मैदान ओळखेल असे मला प्रामाणिकपणे वाटत नाही.

या उणिवेवर सुचवला जाणारा उपाय मला माहीत आहे, आणि त्याचीच मला अधिक भीती वाटते. नागपुरात काहीही सजवायचे ठरले की पहिल्या बैठकीत संत्रे येते. प्रवेशद्वारावर सिमेंटचे भलेमोठे संत्रे, त्याच्या फोडींतून उगवणारी बॅट, रात्री पेटणारे केशरी दिवे, आणि उद्घाटनाला सेल्फी पॉइंट. संत्र्याबद्दल माझ्या मनात इतर कोणाही नागपूरकराइतकाच आदर आहे. पण मैदानाची लाडकी खूण अशी कंत्राट देऊन मागवता येत नाही. जगात जी मैदाने एखाद्या वास्तुविशेषामुळे ओळखली जातात, त्यांतील बहुतेकांच्या बाबतीत तो विशेष मुळात शोभेसाठी केलेला नव्हता. त्याला काहीतरी काम होते. ते काम त्याने इतकी वर्षे आणि इतक्या लोकांच्या डोळ्यांदेखत केले की पुढे लोकांनीच त्याला खेळाचा भाग मानले.

ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड ओव्हल मैदानाचा धावफलक हे यातले मला सर्वांत पटणारे उदाहरण आहे. केनेथ मिल्न या वास्तुविशारदाने आखलेला हा फलक 1911 मध्ये उभा राहिला आणि आजही हाताने चालवला जातो. ती नुसती पाटी नव्हे, तर आत मजले असलेली एक इमारतच आहे. माणसे आतून जिने चढून अंक आणि नावांच्या पट्ट्या बदलतात आणि बाहेरच्या माणसाला सगळे फलंदाज, सगळे गोलंदाज आणि त्यांची आकडेवारी एकाच वेळी, एकाच नजरेत दिसते. विजेचा पडदा मात्र एक आकडा दाखवतो, मग जाहिरात दाखवतो, मग पुन्हा दुसराच आकडा दाखवतो, आणि आपल्याला हवा तो आकडा येईपर्यंत पुढचा चेंडू पडून गेलेला असतो. म्हणजे जुना फलक केवळ जुना म्हणून टिकलेला नाही. क्रिकेट समजून घेण्याचे काम तो आजही नव्यापेक्षा चांगले करतो. 2012 ते 2014 या काळात ते मैदान जवळजवळ पूर्ण नव्याने बांधले गेले, तिन्ही बाजूंना प्रचंड स्टँड उभे राहिले, पण उत्तरेकडचा गवताचा उतार, त्यामागचे वडाच्या कुळातले मोठे वृक्ष आणि हा फलक यांना हात लावला गेला नाही. टीव्हीवर सामना लागला आणि तो फलक दिसला की आवाज बंद असतानाही मैदान कोणते ते कळते.

दुसरे उदाहरण क्रिकेटचे नाही, बेसबॉलचे आहे. बोस्टनच्या फेनवे पार्कमध्ये डाव्या बाजूला साडेअकरा मीटरच्या आसपास उंचीची एक भिंत आहे. तिच्यामागे लगेच रस्ता असल्याने मैदान त्या बाजूला वाढवता आले नाही, आणि म्हणून ती सीमा जवळ आणि उंच झाली. भिंत चेंडू अडवते, परतवते, आणि तिच्या खाली उभ्या राहणाऱ्या खेळाडूला चेंडू कुठे उसळेल याचा अंदाज वर्षानुवर्षांच्या सरावाने बांधावा लागतो. पण आपल्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. ही भिंत सुरुवातीला जाहिरातींनी भरलेली होती. 1947 मध्ये त्या जाहिराती काढून तिला एकसंध हिरवा रंग दिला गेला आणि त्यानंतर ती ‘ग्रीन मॉन्स्टर’ म्हणून जगभर ओळखली जाऊ लागली. जाहिरातींखाली दबलेली तीच भिंत असताना तिला कोणी लाडाचे नाव दिले नव्हते. आपल्या मैदानांच्या कठड्यांकडे, छज्जांकडे आणि साइटस्क्रीनच्या आजूबाजूला बघितले की मला ही गोष्ट हटकून आठवते.

वेम्बलीचा इतिहास थोडा कडू आहे. लंडनच्या त्या मैदानाचे 1923 मधले जुळे मनोरे सुमारे 38 मीटर उंचीचे होते. पुढच्या वर्षीच्या साम्राज्य प्रदर्शनाचा थाट म्हणून ते उभारले गेले. फुटबॉलशी त्यांचा काही संबंध नव्हता, पण अंतिम सामन्याला जाणाऱ्या माणसाला दुरून पहिल्यांदा तेच दिसत, म्हणून ते पावन झाले. 2000 साली मैदान बंद झाले आणि मनोरे वाचवण्याची मागणी होऊनही 2003 मध्ये ते पाडले गेले. लोक हळहळले, चिडले. त्यांच्या जागी आलेली कमान 133 मीटर उंच आणि 315 मीटर लांब आहे, आणि लोकांनी ती स्वीकारली याचे कारण, माझ्या मते, तिची भव्यता नव्हे. ती कमान छताचे वजन पेलते. तिच्यामुळे प्रेक्षक आणि मैदान यांच्यामध्ये खांब येत नाहीत. खांबाआड बसून सामना पाहिलेल्या कोणालाही त्या कमानीची किंमत समजावून सांगावी लागत नाही. तीच कमान नुसती शोभेची असती, तर मनोऱ्यांच्या आठवणीपुढे ती दहा वर्षेही टिकली नसती असे मला वाटते.

माझ्या म्हणण्याला एक ठसठशीत अपवाद आहे आणि तो लपवणे बरोबर नाही. लंडनच्या लॉर्ड्स मैदानावरचा ‘फादर टाइम’ हा वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा म्हातारा, हातात कोयता, यष्टीवरच्या बेल्स उचलत असलेला. 1926 मध्ये ग्रँड स्टँड बांधणाऱ्या हर्बर्ट बेकर यांनी तो मैदानाला भेट दिला. कोणी मागितला नव्हता. तो निव्वळ अलंकार आहे. पण त्याचीही गंमत पाहा: ज्या ग्रँड स्टँडवर तो बसला होता ती वास्तू 1990 च्या दशकात पाडून नवी बांधली गेली, आणि म्हातारा मात्र माउंड स्टँडजवळ हलवून जपला गेला. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमाने अडवण्यासाठी सोडलेल्या बलूनच्या दोरात अडकून तो खाली आला होता, 2015 च्या वादळात पुन्हा मोडला, दोन्ही वेळा दुरुस्त होऊन परत चढला. अलंकार लाडका होतो तो असा, आकाराने लहान राहून, विनोदबुद्धी राखून आणि सत्तर-ऐंशी वर्षे मैदान न सोडता. वीस फुटी संत्र्याकडे यातले काहीच नाही. (जाता जाता सांगण्यासारखे: दिल्लीत याच बेकर यांच्या हाताखाली काम केलेल्या हेन्री मेड यांनी आपल्या उच्च न्यायालयाची 1940 मध्ये खुली झालेली घुमटाची इमारत आखली. सिव्हिल लाइन्समधून जाणाऱ्या क्रिकेटप्रेमींना लॉर्ड्सशी असलेला हा दूरचा सोयरसंबंध माहीत असायला हरकत नाही.)

आणि लंडनच्याच ओव्हल मैदानाच्या भिंतीबाहेर उभ्या असलेल्या गॅसच्या टाक्या तर मैदानाच्या मालकीच्याही नव्हत्या. त्या शहराला गॅस पुरवण्यासाठी होत्या. शतकभर सामन्याच्या पार्श्वभूमीला दिसत राहिल्या एवढाच त्यांचा क्रिकेटशी संबंध, आणि तरी त्यांतील एका टाकीचा सांगाडा 2016 मध्ये वारसा म्हणून नोंदला गेला. आपल्या शहरात याच जातीचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. झीरो माइलचा दगड भूमापनाच्या कामासाठी बसवला गेला होता. पर्यटकांसाठी तो कोणी घडवला नव्हता, तरी आज नागपूरचे चित्र काढायला सांगितलेले शाळकरी मूल तिथला खांब आणि घोडे काढते.

आता जामठ्याकडे. त्याचे आराखडे वास्तुविशारद शशी प्रभू यांचे. मुंबईचे वानखेडेही त्यांचेच. वानखेडेशी आपले आणखी एक नाते आहे, कारण ज्यांच्या नावाने ते ओळखले जाते ते शेषराव वानखेडे नागपूरचे होते. 1974 मध्ये घाईने, वर्ष-सव्वा वर्षात उभे राहिलेले ते स्टेडियम अनेक वर्षे काँक्रीटचे एक तापणारे कढईवजा बांधकाम होते, हे तिथे दुपारी बसलेल्या कोणालाही आठवत असेल. 2011 च्या विश्वचषकाआधी त्याची पुनर्रचना झाली तेव्हा वरून टांगलेले, टेफ्लॉनचा लेप दिलेल्या कापडाचे हलके छत आले, ज्याला प्रेक्षकांच्या नजरेआड येणारे खांब नाहीत, आणि स्टँडमधली गरम हवा ओढून घेण्यासाठी वर पंखे बसवले गेले. हे सगळे उन्हासाठी आणि घामासाठी होते. पण त्याच वर्षी 2 एप्रिलला धोनीचा चेंडू त्या पांढऱ्या छताखाली जाऊन पडला आणि वानखेडेला चेहरा मिळाला. पुढे मुंबईच्या असोसिएशनने तो षटकार जिथे पडला ती आसने आठवण म्हणून राखण्याचे ठरवले. षटकार कोणाच्या हातात नसतो. छत मात्र आधीच बांधून ठेवता येते.

माझी मागणी आता स्पष्ट झाली असेल. जामठ्याला सावली द्या, आणि ती नागपूरच्या उन्हाच्या हिशेबाने आखलेली असू द्या. तीच या मैदानाची खूण होईल. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही, त्यामागे थोडी भूमिती आहे. कसोटी आणि रणजीचे सामने हिवाळ्यात सकाळी साडेनऊपासून दुपारी साडेचारपर्यंत चालतात. नागपूर 21 अक्षांशावर आहे, त्यामुळे डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारीही सूर्य आपल्या डोक्यावर येत नाही. दक्षिणेकडे क्षितिजापासून जेमतेम 45 अंश उंच असतो. दुपारी तीनला तो 30 अंशांपर्यंत उतरलेला असतो आणि नैऋत्येकडून येतो. खेळपट्टी सहसा उत्तर-दक्षिण असल्यामुळे उत्तरेच्या स्टँडला दिवसभर समोरून ऊन लागते, पूर्वेच्या स्टँडला दुपारनंतर थेट डोळ्यांत, आणि पश्चिमेच्या स्टँडला सकाळी. 45 अंशांचा अर्थ असा की छत पहिल्या ओळीच्या 10 मीटर वर असेल, तर भर दुपारी त्या ओळीवर सावली पाडायला ते तिच्या पुढे तब्बल 10 मीटर आले पाहिजे. तीन वाजता तेवढ्याने काहीच भागत नाही, ऊन छताखालून सरळ आत शिरते. म्हणून मुंबईचे छत उचलून इथे बसवले तर खर्च होईल, छायाचित्र छान येईल आणि पूर्वेचा प्रेक्षक डोक्यावर रुमाल टाकून बसलेलाच राहील.

त्यामुळे नागपूरचे छत चारही बाजूंना सारखे असूच शकत नाही. उत्तरेला ते खोल हवे, दक्षिणेला आखूड चालेल, आणि पूर्वेला छताच्या कडेपासून खाली उतरणाऱ्या उभ्या पट्ट्या किंवा जाळ्या हव्यात, ज्या तिरपे ऊन अडवतील पण उंच झेल दिसण्याइतकी नजर मोकळी ठेवतील. अशा छताची कडा मैदानाभोवती एका उंचीवर फिरणार नाही. ती कुठे पुढे झुकेल, कुठे मागे सरेल, कुठे पडद्यासारखी खाली येईल. ही असमानता म्हणजेच खूण. ती नागपूरच्या सूर्याने काढलेली रेषा असेल, आणि म्हणून ती दुसऱ्या कोणत्याही शहरात तशीच्या तशी दिसणार नाही. फेब्रुवारीअखेर, रणजीच्या अंतिम सामन्याच्या सुमारास, आपल्याकडे ऊन चटके देऊ लागते. त्या दिवसांत पाच दिवस मैदानावर येणारा जो प्रेक्षक असतो, शाळकरी मुले, पेन्शनर, क्लब क्रिकेट खेळलेली माणसे, त्याला या छताचे काम सर्वांत आधी कळेल. एखाद्या वास्तूवर माया जडते ती अशाच माणसांमुळे. आंतरराष्ट्रीय सामन्याला वर्षातून एकदा येणारी गर्दी ती माया फक्त दूरवर पोचवते.

पुण्याजवळ गहुंजे इथले स्टेडियम ब्रिटिश वास्तुविशारद हॉपकिन्स यांच्या कार्यालयाने आखले, ज्यांनी 1987 मध्ये लॉर्ड्सच्या माउंड स्टँडवर तंबूसारखे पांढरे छत चढवले होते. त्या माउंड स्टँडमध्ये शिकण्यासारखी गोष्ट तंबू नाही. खालच्या जुन्या विटांच्या कमानी पाडण्याऐवजी त्या तशाच ठेवून, किंबहुना त्यांच्याच धर्तीवर आणखी वाढवून, नवे छत त्यावर उभे केले ही आहे. जामठ्यातही आहे ते पाडण्याची गरज नाही. काँक्रीटचा सांगाडा तसाच ठेवून, बाहेरून स्वतंत्र आधार देऊन पोलादी आणि कापडी छत करता येते का, याची तपासणी आधी व्हावी. काळ्या मातीत नवे पाये घालताना काय काळजी घ्यावी लागते हे विदर्भातल्या कोणत्याही स्थापत्य अभियंत्याला सांगायला नको. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते.

इथे सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 1969 मध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीने ते आंतरराष्ट्रीय झाले. गावस्कर यांचे एकदिवसीय क्रिकेटमधले एकमेव शतक आणि चेतन शर्माची विश्वचषकातली पहिली हॅट्‌ट्रिक या दोन्ही गोष्टी एकाच सामन्यात, 31 ऑक्टोबर 1987 रोजी, तिथे घडल्या. तो दिवस नागपुरात जन्मलेल्या सी. के. नायडू यांचा जन्मदिवस होता, हा निव्वळ योगायोग असला तरी मला तो नेहमीच सुखावतो. 2006 मध्ये ॲलिस्टर कुकने पदार्पणात तिथेच शतक केले. पण त्याच मैदानात नोव्हेंबर 1995 मध्ये भारत-न्यूझीलंड सामना चालू असताना स्टँडमधली भिंत कोसळली आणि सामना पाहायला आलेली माणसे घरी परतली नाहीत. म्हणून नागपुरात स्टेडियमच्या सौंदर्याविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाने पहिले वाक्य मजबुतीचे बोलले पाहिजे. वर सुचवलेल्या छताचा एकही खांब, एकही तार, वादळी वाऱ्याचा आणि गर्दीच्या वजनाचा हिशेब त्रयस्थ तज्ज्ञांकडून तपासल्याशिवाय उभी राहू नये, आणि तो तपासणी अहवाल जनतेला वाचता यावा. 1995 मध्ये गेलेल्यांची नावे असलेला एक साधा दगड जुन्या मैदानाच्या भिंतीत बसवावा, अशीही माझी विनंती आहे. त्याचे उद्घाटन नको.

सिव्हिल लाइन्सवर रणजीचे सामने अजून होतात, तेव्हा हाताने चालणारा पूर्ण धावफलक उभारायचा असेल तर तो तिथे, शहराच्या मध्यावर, उभारावा. तो चालवायला शाळा-महाविद्यालयांतील मुलांना मानधन देऊन शिकवता येईल. गुणलेखन शिकण्याची याहून चांगली शाळा मला ठाऊक नाही. जामठ्याच्या छताच्या तुलनेत हा खर्च नगण्य आहे आणि एका मोसमात होण्यासारखा आहे. तो जुना भासवण्याचा मात्र अट्टहास नको. खोट्या ब्रिटिशकालीन कमानी, लोखंडी दिव्यांची नक्कल असले काही त्यावर चढवू नये. आजच्या काळात बांधलेला, उन्हापावसात टिकणारा, लांबून वाचता येणारा फलक असला म्हणजे पुरे. जुना तो आपल्या गतीने होईल.

पैशाचा प्रश्न येईल आणि त्याबरोबर प्रायोजक येतील, याची मला जाणीव आहे. प्रायोजकांना विरोध करण्याइतका मी भाबडा नाही. एक अट तेवढी घालून घ्यावी: छताची कडा, धावफलकाची चौकट आणि प्रवेशाच्या भिंती यांवर कोणत्याही कंपनीचा रंग, बोधचिन्ह किंवा नाव येणार नाही, आणि ही अट कराराच्या कालावधीपुरती नव्हे तर असोसिएशनच्या नियमावलीत असावी. दर पाच वर्षांनी रंग बदलणाऱ्या वास्तूशी कोणाची ओळख होत नाही. स्टँडची नावे पैशाने विकली जाऊ शकतात, पण लोकांच्या तोंडी बसलेले नाव विकताही येत नाही आणि विकतही घेता येत नाही. तेव्हा छताला काही नाव देण्याची घाईसुद्धा करू नये. एखादा पोरगा त्याला काहीतरी म्हणेल आणि ते टिकेल किंवा टिकणार नाही.

आराखडा निवडण्यासाठी खुली स्पर्धा घ्यावी, सगळे प्रस्ताव सिव्हिल लाइन्सच्या पॅव्हिलियनमध्ये लोकांसमोर मांडावेत, आणि निवड समितीत वास्तुविशारद व अभियंत्यांबरोबर निदान एक माणूस असा असावा, जो उघड्या स्टँडच्या तिकिटावर सामने पाहतो. स्पर्धेच्या अटींमध्ये ‘विदर्भाची संस्कृती दिसावी’ हे वाक्य कृपया घालू नये. त्या वाक्यानेच संत्री येतात. त्याऐवजी प्रत्येक स्टँडच्या प्रत्येक दहाव्या ओळीवर नोव्हेंबर ते मार्च या काळात किती तास सावली मिळेल, याचा तक्ता प्रत्येक स्पर्धकाकडून मागावा आणि त्यावर गुण द्यावेत.

त्या तक्त्याची तपासणी करायला आधी प्रत्यक्ष नोंदी लागतील, आणि त्या आपल्याला जवळजवळ फुकट मिळू शकतात. आपल्या व्हीएनआयटी या नागपूरच्या अभियांत्रिकी संस्थेत वास्तुकलेचा विभाग आहे. असोसिएशनने येत्या हिवाळ्यात तिथल्या विद्यार्थ्यांना, सामने नसतील अशा दिवशी, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेत जामठ्याच्या स्टँडमध्ये प्रवेश द्यावा. त्यांनी दर अर्ध्या तासाने कोणत्या ओळीवर ऊन आहे याची नोंद घ्यावी आणि आसनांचे तापमान मोजावे. पहिली नोंद 22 डिसेंबरच्या आसपास, सूर्य सर्वांत खाली असताना, आणि शेवटची मार्चच्या पहिल्या आठवड्यात व्हावी. या परवानगीसाठी कार्यकारिणीच्या एका ठरावाखेरीज काही लागत नाही, आणि डिसेंबरपूर्वीच्या आपल्या बैठकीत तो मांडला जावा अशी विनंती आहे.

आपला नम्र,
उघड्या स्टँडमधला एक प्रेक्षक,
धरमपेठ, नागपूर.